येणारी तार, जाणारी तार

टू हार्बर्स, मिनेसोटा
२० जानेवारी २०१९

प्रिय रेइनो काका,

नाताळात पाठवलेला सामन मासा पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा डॉकवरच्या मंडळींनी. त्यांचं म्हणणं, असा काका असेल तर त्याला वर्षातून दोनदा नाताळ करायला सांग.

शेवटची बोट मंगळवारी गेली. आता मार्चअखेरपर्यंत बंदर बंद. मी ऑफिसात रेडिओसमोर बसते आणि रेडिओवर कुणीच बोलत नाही. सरोवर मात्र बोलतं. बर्फ धरायला लागला की ते आतून कसं हुंकारतं ते तुम्हाला आठवत असेल. दुपारी खिडकीशी बसून ऐकताना वाटतं, खाली कुणीतरी कूस बदलतंय.

एक विचारायचं होतं. फोन दोनदा केला, तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. न्हाणीघरातलं सॉकेट बदलायचंय. ते दोन बटणांचं असतं ना, पाण्याजवळ लावतात, झटका बसायच्या आत बंद पडणारं, ते लावायचंय. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो जूनशिवाय जमणार नाही. मला फेब्रुवारीअखेर हवंय. स्वतःच्या घरात स्वतः करायची परवानगी असते, पण नीट कसं करायचं ते सांगाल का? केस वाळवायच्या यंत्राने परवा झटका दिला, बाकी काही नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. तुम्ही तेव्हा आला नाहीत त्याबद्दल मी काही म्हणत नाहीये.

तुमची
सिल्वी


सिट्का, अलास्का
२९ जानेवारी

सिल्वी,

तुझे केस बोटभर आहेत. शाळेत होतीस तेव्हाही बोटभरच होते आणि तू ते टॉवेलने खसाखसा पुसायचीस. तेव्हा केस वाळवायचं यंत्र हे मला सांगू नकोस. फेब्रुवारीअखेरच का, तेही तू लिहिलेलं नाहीस. असो. सांगायचं नसेल तर नको सांगू, पण चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उघडल्यात मी. आत काय आहे हे माणसं आधी सांगत नाहीत, आणि मग खपली निघाली की कळतं.

तर ऐक. दोन बटणांचं सॉकेट काय करतं? एका तारेने करंट जातो, दुसरीने परत येतो. हे सॉकेट सारखं बघत बसतं, की जेवढा गेला तेवढाच आला ना. केसभर जरी कमी आला, तर त्याचा अर्थ तो दुसरीकडून कुठूनतरी चाललाय, कदाचित ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून. मग ते विचारत बसत नाही, लगेच बंद होतं. एवढंच त्याचं काम. दारात उभ्या असलेल्या आईसारखं आहे ते. गेलेले सगळे परत आले का, एवढंच बघायचं.

आधी तळघरातल्या पेटीतला ब्रेकर पाड. मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघ, मग न्हाणीघरातल्या, मग पुन्हा चालू. टेस्टरवरही विश्वास ठेवायचा नाही. मग दोन स्क्रू काढ, सॉकेट बाहेर ओढ, आणि आत किती तारा आहेत, कोणत्या रंगाच्या, ते मला लिही. काही जोडू नकोस. फक्त बघ.

इथे पाऊस आहे. इथे कायम पाऊस असतो.

रेइनो काका


टू हार्बर्स
७ फेब्रुवारी

प्रिय काका,

बरं. सांगते.

ॲनेली पुन्हा व्यसनमुक्तीच्या उपचारकेंद्रात गेली आहे. तिसरी वेळ. माझी धाकटी बहीण हसतखेळत आत गेली, मला हात हलवून. तिची टिल्डा तेव्हापासून डुलुथला एका परक्या घरी आहे. चार वर्षांची आहे. घर चांगलं आहे, बाई चांगली आहे, पण तिथे ती सहावी मुलगी. मी काउंटीच्या बालकल्याण खात्याकडे अर्ज केला आहे की तिला माझ्याकडे द्या. घर तपासायला डालग्रेन नावाच्या बाई येतात. त्यांच्याकडे यादी असते. धुराचा अलार्म, जिन्याचा कठडा, औषधांना कुलूप, आणि पाण्याजवळ असलेलं प्रत्येक सॉकेट सुरक्षित. स्वयंपाकघरातलं बाबांनी शेवटच्या वर्षी बदलून घेतलं होतं. राहिलं न्हाणीघरातलं. सहा मार्चला येणार आहेत.

तुम्हाला आधी लिहिलं नाही कारण कुणालाच सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांची, एकटी, खनिजाच्या धक्क्यावर बोटींना जागा वाटून देणारी बाई. लोक काय म्हणतील त्यापेक्षा मीच काय म्हणेन याची भीती वाटते. मोठ्याने सांगितलं आणि झालं नाही, तर?

सॉकेट उघडलं. तुम्ही म्हणालात तसं तीनदा तपासून. आत लोखंडी डबा, दोन केबली. एकूण चार तारा, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. तिसरी, अर्थिंगची उघडी तार कुठेच नाही. पुस्तकात बघितलं तर ती असायलाच हवी म्हणतात. नाहीतर अख्ख्या घराची तार बदला. मग संपलंच ना सगळं?

परवा दुपारी सोफ्यावर डोळा लागला. स्वप्नात आपलं घर सरोवराच्या तळाशी होतं आणि सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले. पाणी भरलेलं, तरी दिवे चालू. मी या खोलीतून त्या खोलीत पोहत होते आणि कुणालातरी शोधत होते. भीती वाटली नाही. हेच विचित्र.

सिल्वी


सिट्का
१५ फेब्रुवारी

सिल्वी,

संपलं वगैरे काही नाही. डोळे पूस.

आधी त्या तारेचं. ती केबल १९६६ सालची आहे आणि ती मी ओढली आहे. मी सतरा वर्षांचा, शिकाऊ. तुझा बाबा, माझा दादा, खाणीच्या बंद पडलेल्या ऑफिसातून ते भेंडोळं खांद्यावर टाकून घेऊन आला. जुनी केबल, दोनच तारांची. मी म्हटलं, दादा, आता तीन तारांची घालतात. तो म्हणाला, "तुला पगार मिळायला लागला की तीन तारांची आण." घातली. पुढे शिकलो, परवाना मिळाला, तेव्हापासून दरवेळी घरी आलो की म्हणायचो, बदलूया. तो म्हणायचा, चालतंय ना? आमचं सगळं भांडण एवढंच. लोकांना वाटतं शेतीवरून झालं, बाईवरून झालं. एका तारेवरून झालं.

आता नियम. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात दोन बटणांचं सॉकेट लावायला पूर्ण परवानगी आहे. ते अर्थिंगवर चालतच नाही, ते फक्त जाणं-येणं मोजतं. हिरवा स्क्रू मोकळा सोडायचा. फक्त सोबत एक बारीकशी चिठ्ठी येते, "अर्थिंग नाही" असं छापलेली, ती वर चिकटवायची. लोकांना ती चिकटवायची लाज वाटते. लाजायचं काय त्यात. पुढे जो येईल त्याला कळायला हवं.

सॉकेटच्या मागे दोन जोड्या आहेत. एकीवर लाइन लिहिलेलं, दुसरीवर लोड, आणि लोडवर पिवळी पट्टी चिकटवलेली. काळी तार पितळी स्क्रूला, पांढरी चंदेरीला. एक केबल लाइनला, दुसरी लोडला. कोणती कुठे हे आधी तारा वेगळ्या करून, ब्रेकर चालू करून, टेस्टरने बघ. मग पुन्हा ब्रेकर पाड आणि जोड.

मुलीबद्दल. तू चव्वेचाळीस वर्षांची आणि एकटी. तुझी आजी सदतीसची आणि एकटी होती, आम्ही दोघं होतो, आणि ती डॉकवर स्वयंपाक करायची. तिला कुणी यादी घेऊन तपासायला आलं असतं तर तिने त्यांना लाटणं दाखवलं असतं.

रेइनो काका


टू हार्बर्स
२३ फेब्रुवारी

काका,

चालत नाही.

सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. स्क्रू आवळले, तारा घडी करून आत बसवल्या, चिठ्ठीही चिकटवली, सरळ रेषेत. ब्रेकर वर केला. लाल दिवा लागला. बटण दाबलं तर आत जातं आणि परत वर येतं. वीस वेळा दाबलं. हट्टी मूल तोंड फिरवतं तसं.

दुकानातल्या माणसाने बदलून दिलं. दुसरंही तसंच. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरालाच नको असेल." गंमत केली त्याने, पण मी गाडीत बसून रडले.

खरं सांगते, टेस्टरने कोणती तार कुठली हे बघितलं नाही. गरजच नव्हती. लाइन, लोड हे शब्द मी हंगामात दिवसभर रेडिओवर बोलते.

अकरा दिवस उरलेत. छोटी खोली रंगवली आहे, फिकट पिवळी. दारात उभी राहून बघते आणि दार लावून घेते.

सिल्वी


सिट्का
२७ फेब्रुवारी, तातडीच्या टपालाने

अगं शहाणे,

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो.

तू डॉकवरची. तुमच्याकडे लोड म्हणजे काय? खाणीकडून गाडी भरून येतं ते. आणि लाइन म्हणजे बोटीचा दोर, जो आपण बाहेर फेकतो. म्हणजे तुझ्या डोक्यात लोड येतो आणि लाइन जाते. तू येणारी तार लोडला जोडलीस आणि जाणारी लाइनला. बरोबर?

आमच्याकडे उलटं. लाइन म्हणजे जिथून येतं ते. लोड म्हणजे जिथे जातं ते, ज्याचं ओझं आपण उचलायचं. तुझा बाबा पण हेच करायचा. आपल्या निएमी घराण्यात आणि त्या धक्क्यावर सोडून जगात ही चूक कुणी करत नसेल.

सॉकेट बिघडलेलं नाही. त्याला कळलं की आपल्याला उलटं जोडलंय, म्हणून ते चालू व्हायला तयार नाही. ब्रेकर पाड, तारा मोकळ्या कर, ब्रेकर चालू करून टेस्टर लाव. ज्या काळ्या तारेवर टेस्टर पेटेल ती येणारी. पुन्हा ब्रेकर पाड. मग ती लाइनला. या वेळी बघ. माहीत आहे म्हणून बघायचं टाळू नकोस.

काका


टू हार्बर्स
४ मार्च

प्रिय काका,

चाललं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. एवढासा टक् आवाज. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिले. बाहेर उजेड एवढा होता, बर्फावरून उसळून छतावर हलत होता, की पाण्याखाली बसल्यासारखं वाटलं.

आणि ऐका. चाचणीचं बटण दाबलं तेव्हा शेजारच्या छोट्या खोलीतला दिवाही गेला. दुसरं दाबलं, आला. म्हणजे जाणारी तार तिथे जाते. ते ओझं म्हणजे तिची खोली. किती वेळ मी त्या दोन बटणांशी खेळत होते. अंधार, उजेड. अंधार, उजेड. कुणी बघितलं असतं तर काउंटीला कळवलं असतं.

वेलदोड्याचा पाव केलाय परवासाठी. तीन पेडांची वेणी घातली, एक पेड सुटला.

६ मार्च

हे पत्र परवा टाकायचं राहून गेलं, आता पुढे लिहिते.

डालग्रेन बाई येऊन गेल्या. कठडा हलवून बघितला, गरम पाण्यात थर्मामीटर धरला, पाव खाल्ला. मग न्हाणीघरात गेल्या. त्यांच्याकडे एक छोटा टेस्टर असतो, सॉकेटमध्ये खोचायचा, त्यावर बटण. त्यांनी दाबलं. सॉकेट बंद पडलं नाही. तीनदा दाबलं. नाही पडलं.

मी म्हटलं, सॉकेटवरचं बटण दाबा, त्याने पडतं. त्या म्हणाल्या, "मिस निएमी, मला या टेस्टरने बघायला सांगितलंय." मी म्हटलं, माझे काका चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी सांगितलंय. अडचणीत कोणाला फोन करायचा तिथेही मी तुमचंच नाव लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आत्ताच करूया. तुमचा नंबर लावला. फोन उचलला गेला. बाईंनी नाव सांगितलं, विचारलं. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास आणि कसलीतरी टकटक. "हॅलो, कोणी आहे का?" टक. मग त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी यादीवर दोन खुणा केल्या. सॉकेट, नापास. संपर्काची व्यक्ती, उपलब्ध नाही. वाईट बाई नाहीत त्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, पंचवीस तारखेला पुन्हा येते.

काका, तुम्ही फोन उचललात आणि बोलला नाहीत. बाबांच्या वेळेलाही असंच. तुमचं भांडण बाबांशी होतं, तार होती, काय असेल ते. या मुलीने तुमचं काय केलंय?

सिल्वी


सिट्का
१२ मार्च

सिल्वी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

मला आवाज नाही. दोन वर्षं झाली. घशात गाठ होती, सिएटलच्या हॉस्पिटलात स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. ज्या आठवड्यात दादाला पुरलं त्या आठवड्यात मी तिथे नळ्या लावून पडलो होतो. नर्सने तुझा निरोप वाचून दाखवला. मी पाटीवर लिहिलं, "कळवू नका." का, ते मलाही नीट सांगता येत नाही. दादाशी फोनवर शेवटचं बोललो ते असं, "तुझं घर एक दिवस जळेल आणि मग तुला कळेल." पुढे आवाज गेला. माझ्या तोंडातून त्याच्यासाठी निघालेलं शेवटचं वाक्य ते. दुसरं काही सांगायची सोय राहिली नाही. मग आवाज नसणं हे मुद्दाम गप्प राहणं आहे असंच लोकांना वाटू दिलं. सोपं होतं.

त्या दिवशी फोन उचलला कारण त्या वेळेला बोटीवरचा माझा दोस्त फोन करतो. तो बोलतो, मी रिसीव्हरवर टिचकी मारतो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाईंनी विचारलं, मिस्टर निएमी का? मी एक मारली. सॉकेट सुरक्षित आहे का? एक. कोणी आहे का? एक. मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं, सिल्वी. त्यांना ते कळणार कसं.

चूक माझी आणखीही आहे. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तसला टेस्टर थोडासा करंट अर्थिंगच्या तारेत सांडून बघतो. तुझ्या भिंतीत ती तारच नाही, तर सांडणार कुठे? म्हणून सॉकेट पडत नाही. पण ओल्या पायांचं माणूस मध्ये आलं, तर करंट त्याच्यातून जाईल आणि सॉकेट पडेल. सॉकेटचं स्वतःचं बटण आतल्या आत गळती करून बघतं, म्हणून अशा घरात तेच बघायचं. हे सगळं मी बाईंना वेगळ्या पत्रात लिहिलं आहे, माझा परवाना क्रमांक घालून, आणि मला बोलता का येत नाही तेही. डॉक्टरांचा कागद जोडला आहे. राज्याच्या वीज तपासनिसालाही कळवलं आहे, तो पंचवीसच्या आत येईल.

संपर्काच्या रकान्यात माझं नाव ठेवायचं की खोडायचं ते तू ठरव. खोडलंस तर मला राग येणार नाही.

हेरिंग मासे किनाऱ्याला यायला लागतील आता. अंडी घालतात तेव्हा समुद्र दुधासारखा होतो, मैलच्या मैल. लोक झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि अंड्यांनी पांढऱ्या होऊन त्या वर येतात. दरवर्षी वाटतं, हे कुणालातरी दाखवावं.

रेइनो


टू हार्बर्स
१४ एप्रिल

प्रिय काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. तुमच्या नंबरवर फोन लावला आणि ठेवून दिला. मग पुन्हा लावला. तुम्ही टिचकी मारलीत. मी तासभर काय बोलत होते ते मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्रेपन्न वेळा हो म्हणालात आणि नऊ वेळा नाही, मी कागदावर रेघा मारत होते.

पंचवीसला डालग्रेन बाई आल्या. तपासनीस आदल्या दिवशी बघून, सही करून गेला होता. बाई तुमचं पत्र घेऊनच आल्या. न्हाणीच्या टबाच्या काठावर बसून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग छोट्या खोलीत दिवा लावून ठेवला, सॉकेटचं बटण स्वतः दाबलं आणि उठून जाऊन दिवा गेलाय का बघून आल्या. म्हणाल्या, "बावीस वर्षं मी तो टेस्टर खोचत फिरतेय. मला कुणी हे सांगितलं नव्हतं." तुमचं नाव मी खोडलं नाही. त्या म्हणाल्या, ज्यांना बोलता येत नाही त्यांना संकटात फोन कसा करणार? मी म्हटलं, संकटात बोलायचं मलाच असेल. पलीकडे ऐकणारं हवंय.  मग त्यांनी रकान्यात लिहिलं, "एक म्हणजे हो."

टिल्डा मंगळवारी आली. एक पिशवी, एक उशी. फार बोलत नाही. सगळ्या खोल्या बघितल्या आणि विचारलं, "मी इथे किती दिवस?" मी म्हटलं, आई बरी होईपर्यंत, आणि त्यानंतरही तुला वाटेल तेव्हा. तिने मान हलवली, हो म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

पायातले बूट मात्र काढेना. आपल्या घरी दारात बूट काढतात हे तिला माहीत आहे, माझे बघितले तिने. तरी नाही. जेवताना बूट, सोफ्यावर बूट, पांघरुणातही बूट. सौनात, वाफेच्या न्हाणीत, नेलं तर पायरीवर बूट घालून बसली, घामाने निथळत.  कुणीतरी येईल आणि चल म्हणेल, तेव्हा तयार असायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. मी फरशी पुसते, ती चिखलाची पावलं उमटवते, मी परत पुसते.

आज रविवार. सकाळी धक्क्यावर बोट आल्याचा भोंगा झाला आणि मी जागी झाले. ती आधीच उठली होती. छोट्या खोलीच्या खिडकीत उभी राहून बघत होती, लांबलचक बोट धुक्यातून हळूहळू येताना. तिला वाटत होतं, घरच सरकतंय आणि बोट उभी आहे. मी म्हटलं, असेलही. बराच वेळ आम्ही दोघी तशाच सरकत राहिलो.

मग कॉफी करायला खाली आले. दाराशी माझ्या जाड बुटांच्या बाजूला दोन छोटे बूट होते, नाड्या न सोडता ओढून काढलेले, एक उलटा पडलेला. मी तो सरळ केला नाही.

तुमची
सिल्वी